टाळेबंदीत अडकलेला खेळाडूंचा बाजार

२०११ च्या वसंतात फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाकडे एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, जास्तीचा होता. त्याचं नाव केविन कोल्ब. २०१० च्या हंगामाची सुरुवात त्यानेच केली होती, पण पहिल्याच सामन्यात डोक्याला मार बसून तो बाहेर गेला आणि त्याच्या जागी आलेल्या मायकेल विकने हंगाम असा गाजवला की कोल्ब बहुतेक वेळ बाकावरच राहिला. दुसरीकडे अ‍ॅरिझोना कार्डिनल्सचा कर्ट वॉर्नर २०१० च्या जानेवारीत निवृत्त झाला होता आणि त्याची जागा घेणारं कोणी त्यांना सापडत नव्हतं. एकाला द्यायचं होतं, दुसऱ्याला हवं होतं. तरीही साडेचार महिने हा सौदा होऊ शकला नाही, कारण बाजारालाच कुलूप होतं.

हे कुलूप कोणी लावलं, ते लागल्यावर नेमकं काय काय थांबतं आणि ते उघडताना मालाचे भाव कसे बदललेले असतात, ते या लेखात समजून घेऊ. माणसांच्या बाबतीत ‘माल’ आणि ‘भाव’ हे शब्द वापरायला मला आवडत नाही. पण हा धंदा त्याच भाषेत चालतो, आणि एका माणसाला असं इकडून तिकडे पाठवण्याचा हक्क मालकाला मिळतो कुठून, हाच या विषयाचा गाभा आहे.

आधी एक खुलासा. गोव्यात किंवा कोल्हापुरात ज्याला फुटबॉल म्हणतात, तो हा खेळ नव्हे. हा अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याचा अमेरिकन खेळ. त्याची व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल, आणि तिच्यात ३२ संघ आहेत. युरोपातल्या फुटबॉलमध्ये एक क्लब दुसऱ्याला रोख रक्कम मोजून खेळाडू घेतो. एनएफएलमध्ये रोखीचा व्यवहार जवळजवळ नाहीच. इथे खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देतात, किंवा ड्राफ्टमधला हक्क देतात. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या नव्या खेळाडूंची दरवर्षी एप्रिलअखेर होणारी निवड. तिच्या सात फेऱ्या होतात, आणि आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाची पाळी पहिली येते. प्रत्येक फेरीतली संघाची पाळी हा त्याच्या मालकीचा हक्क असतो आणि तो दुसऱ्याला देता येतो. ‘यंदाची आमची दुसऱ्या फेरीतली पाळी घ्या आणि तो खेळाडू द्या’ असा हा व्यवहार. या बाजारातलं चलन म्हणजे या पाळ्या.

खेळाडू हलतो तेव्हा त्याचा करारही त्याच्याबरोबर हलतो. उरलेली वर्षं आणि उरलेला पगार नव्या संघाच्या माथी येतो. नव्या संघाचे डॉक्टर त्याला तपासतात, दोन्ही संघ लीगच्या कार्यालयाला कागद पाठवतात आणि तिथून मंजुरी आली की व्यवहार पक्का होतो. एवढ्या सगळ्या गोष्टींत खेळाडूला मात्र बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. आयपीएलमध्ये अशा अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते. एनएफएलमध्ये करारात तसं खास कलम लिहून घेतलेलं नसेल, तर सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी सामान बांधावं लागतं.

आता साधा प्रश्न विचारून पाहा. एखाद्या बँकेने आपल्या कारकुनाला न विचारता दुसऱ्या बँकेला देऊन टाकलं, आणि बदल्यात तिथला एक शिपाई घेतला, तर ते चालेल का? अर्थातच नाही. मग फुटबॉलमध्ये कसं चालतं? कारण तिथे एकेका खेळाडूची नाही, पण सगळ्यांची मिळून संमती आधीच घेतलेली असते. खेळाडूंची कामगार संघटना आणि ३२ मालक यांच्यात काही वर्षांसाठी एक सामूहिक करार होतो. मालक कमाईचा अमुक वाटा पगारासाठी देतात, विमा देतात, निवृत्तिवेतन देतात. बदल्यात खेळाडू ड्राफ्ट मान्य करतात, प्रत्येक संघाच्या एकूण पगारावरची कमाल मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, मान्य करतात, आणि न विचारता दुसऱ्या संघात पाठवलं जाणंही मान्य करतात. अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायदा कडक आहे. ३२ धंदेवाल्यांनी एकत्र बसून ‘कोणी कोणाला किती पगार द्यायचा आणि कोणी कुठे काम करायचं’ हे ठरवलं, तर तो सरळ गुन्हा ठरू शकतो. संघटनेशी झालेल्या कराराने तेवढं संरक्षण मालकांना मिळतं. म्हणून करार संपला की या अदलाबदलीच्या, म्हणजे ट्रेडच्या, पायाखालची जमीनच सरकते.

ही संमती खेळाडूंनी फुकट दिलेली नाही. १९७० च्या दशकापर्यंत नियम असा होता की, करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाने घेतला तर जुन्या संघाला काय भरपाई द्यायची, हे लीगचे आयुक्त पीट रोझेल ठरवत. ही भरपाई इतकी जड पडू शकत असे की असा खेळाडू घ्यायला कोणी धजत नसे. संघटनेचा अध्यक्ष असलेला जॉन मॅकी न्यायालयात गेला आणि १९७६ मध्ये तो नियम बेकायदा ठरला. तरी खेळाडूंना खरी मोकळीक मिळायला पुढे सतरा वर्षं लागली. १९८७ मध्ये हीच मोकळीक मागत खेळाडूंनी २४ दिवस संप केला. मालकांनी बदली खेळाडू आणून तीन आठवडे सामने खेळवले आणि संप मोडला. मग १९८९ मध्ये खेळाडूंनी वेगळाच डाव टाकला. आपली संघटना कामगार संघटना राहिली नाही, असं त्यांनी जाहीर केलं. संघटना नाही म्हणजे सामूहिक संमती नाही, आणि संमती नाही म्हणजे मालकांचं कायदेशीर कवच गेलं. १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्यूरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आणि १९९३ च्या करारात मोकळीक आली. करार संपलेला, ठरावीक वर्षं खेळलेला खेळाडू आता हवा तिथे जाऊ लागला. त्याच वर्षी रेजी व्हाइट फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बेला गेला, आणि ग्रीन बेला त्याच्या बदल्यात जुन्या संघाला काही द्यावं लागलं नाही.

आज आपण ज्याला ट्रेडचा बाजार म्हणतो, तो या लढ्यातून घडला आहे. पूर्वी मोठा खेळाडू हलायचा तर ट्रेडशिवाय रस्ता नव्हता. १९८७ चा संप मिटून दोनेक आठवडे होतात तोच, ३१ ऑक्टोबरला, एरिक डिकरसन लॉस एंजेलिसहून इंडियानापोलिसला गेला. तीन संघांत मिळून झालेल्या त्या व्यवहारात लॉस एंजेलिसला पहिल्या फेरीतल्या तीन आणि दुसऱ्या फेरीतल्या तीन पाळ्या मिळाल्या. एका खेळाडूसाठी इतकी किंमत मोजली जायची, कारण तो दुसऱ्या कुठल्याही वाटेने मिळणारच नव्हता.

२०११ कडे येण्याआधी एक शब्द नीट लावून घेऊ. कामगार काम थांबवतात तो संप. मालक गेटला कुलूप लावतात ती टाळेबंदी. गिरणगावाने हे दोन्ही शब्द आपल्या अंगावर झेललेले असल्याने मुंबईकराला हा फरक वेगळा सांगायला नको. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या फुटबॉलपटूंनीही ५७ दिवसांचा संप केला आणि तिथला हंगाम नऊ सामन्यांवर आला. ते दोन्ही संप होते. २०११ ची मात्र टाळेबंदी होती. खेळाडू खेळायला तयार होते, दार मालकांनी बंद केलं होतं. त्या वर्षी अनेक बातम्यांत ‘खेळाडूंचा संप’ असा सरसकट उल्लेख यायचा. तो चुकीचा होता आणि खेळाडूंवर अन्याय करणारा होता.

झालं असं. २००६ चा करार आपल्याला महाग पडतो, असं मालकांचं म्हणणं पडलं आणि २००८ च्या मे महिन्यात त्यांनी एकमताने तो मुदतीआधी संपवायचं ठरवलं. लीगची वार्षिक कमाई तेव्हा सुमारे ९०० कोटी डॉलर होती. त्यातले जवळपास १०० कोटी मालक खर्चापोटी आधीच बाजूला काढत आणि उरलेल्याचा साधारण ६० टक्के हिस्सा खेळाडूंना जाई. आता मालकांना आणखी १०० कोटी बाजूला काढायचे होते, शिवाय १६ ऐवजी १८ सामन्यांचा हंगाम हवा होता. खेळाडूंनी हिशेबाच्या वह्या दाखवा म्हटलं. मालकांनी पुरत्या दाखवल्या नाहीत.

भांडणाची झळ ट्रेडच्या बाजाराला टाळेबंदीच्या वर्षभर आधीच लागली, आणि हा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. करार मुदतीआधी मोडला तर शेवटचं वर्ष कसं जाईल, हे त्याच करारात लिहून ठेवलेलं होतं. त्यानुसार २०१० मध्ये सॅलरी कॅप उठली. खेळाडूंना वाटावं की आता पैसाच पैसा. पण कॅपबरोबर किमान खर्चाची सक्तीही उठली, आणि मोकळं व्हायला चारऐवजी सहा वर्षांची सेवा लागू लागली. दोनशेहून अधिक खेळाडू ऐन उमेदीत, जुन्या नियमाने मोकळे झाले असते तेव्हाच, पुन्हा बांधले गेले. आदल्या हंगामातल्या शेवटच्या आठ संघांवर नवे मोकळे खेळाडू घेण्यासाठी वेगळी बंधनं आली.

याचा परिणाम डेन्व्हरच्या ब्रँडन मार्शलच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. हा उत्तम रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, २००६ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे २०१० पर्यंत त्याची चार वर्षं भरलेली. जुन्या नियमाने तो मोकळ्या बाजारात उतरला असता आणि पैसा, गाव, प्रशिक्षक बघून स्वतः संघ निवडू शकला असता. सहा वर्षांच्या नियमामुळे त्याच्यावरचा डेन्व्हरचा हक्क टिकला. डेन्व्हरला तो नकोसा झालाच होता. त्यांनी तो मायामीला दिला आणि बदल्यात दुसऱ्या फेरीतल्या दोन पाळ्या घेतल्या, एक २०१० ची आणि एक २०११ ची. मार्शलला मायामीत मोठा करार मिळाला, त्याचं नुकसान झालं असं नाही. पण जो हक्क त्याचा व्हायचा होता, तो डेन्व्हरने विकला. त्याला स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः शोधता आलं असतं, ते भांडणाने हिरावलं आणि तिथे एक ट्रेड जन्माला आला. म्हणजे कामगार-मालक वादाने ट्रेड थांबतातच असं नाही. आधी वाढूही शकतात.

२०११ च्या मार्चमध्ये वाटाघाटींची मुदत आधी एका दिवसाने, मग एका आठवड्याने वाढली. ११ मार्चला बोलणी फिसकटली. खेळाडूंनी १९८९ चाच डाव पुन्हा टाकला. संघटना विसर्जित केली आणि त्याच दिवशी टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग, ड्रू ब्रीज अशा दहा जणांच्या नावाने मालकांविरुद्ध खटला दाखल केला. मध्यरात्री मालकांनी कुलूप लावलं.

कुलूप म्हणजे खरोखर काय? खेळाडूंना संघाच्या इमारतीत पाऊल टाकता येईना. व्यायामशाळा बंद, संघाचा डॉक्टर बंद, विम्याची सोय खंडित. प्रशिक्षकाने खेळाडूला फोन करायचा नाही, खेळाडूने केला तर उचलायचा नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रीजने टुलेन विद्यापीठाच्या मैदानावर आपल्या सहकाऱ्यांचा सराव स्वतःच घेतला, तेही प्रशिक्षकाशिवाय. अशात ट्रेड कसा होणार? खेळाडूला तपासायचं तर डॉक्टर आणि तो समोरासमोर यायला हवेत, ते शक्य नाही. नव्या संघाला त्याच्याशी करार वाढवण्याविषयी बोलायचं, तर बोलायला बंदी. लीगचं नवं व्यवहारवर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि ट्रेडचं दार तेव्हाच उघडतं, तर ते वर्षच सुरू झालेलं नाही. आणि सॅलरी कॅप अस्तित्वातच नसल्याने कोणाला किती पगार परवडेल, याचा हिशेब मांडायलाही आकडा नाही. यातली एकच अडचण असती तरी व्यवहार अडला असता.

मध्येच न्यायालयात हेलकावे बसले. २५ एप्रिलला सेंट पॉलच्या न्यायाधीश सुझन नेल्सन यांनी टाळेबंदी उठवण्याचा हुकूम दिला. २९ तारखेला काही संघांनी दारं उघडली, खेळाडू आत गेले, कोणाच्या हाती डावपेचांची वहीही पडली. त्याच संध्याकाळी वरच्या न्यायालयाने हुकूम थांबवला आणि दारं पुन्हा लागली. ट्रेड आणि नवे करार यांच्यापर्यंत गोष्ट पोचलीच नाही. जुलैमध्ये त्या न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. मॅकीच्या वेळी खेळाडूंच्या बाजूने उभं राहिलेलं न्यायालय हेच.

आता सर्वांत चमत्कारिक भाग. टाळेबंदी चालू असतानाच २८ ते ३० एप्रिल असा ड्राफ्ट न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये थाटात पार पडला. त्या वर्षीचा ड्राफ्ट होणारच, हे जुन्या करारात लिहिलेलं होतं. पाळ्यांच्या बदल्यात पाळ्या देता येत होत्या, कारण पाळीला डॉक्टर लागत नाही आणि पगारही लागत नाही. पाळीच्या बदल्यात माणूस मात्र देता येत नव्हता. अटलांटाने ज्युलिओ जोन्स हा रिसीव्हर घेण्यासाठी क्लीव्हलंडकडून सहावी पाळी मिळवली आणि तिच्यासाठी आपल्या पाच पाळ्या दिल्या. त्यातल्या दोन २०१२ च्या होत्या. २०१२ मध्ये ड्राफ्ट होईल याची हमी देणारा कुठलाही करार त्या क्षणी अस्तित्वात नव्हता, आणि खेळाडूंच्या खटल्यात तर ड्राफ्टच बेकायदा आहे असं म्हटलेलं होतं. त्या खटल्यातला एक वादी व्हॉन मिलर कॉलेजमधून नुकताच बाहेर पडला होता. डेन्व्हरने त्याला त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलं.

कोल्बचा भाव पडला तो या तीन दिवसांत. एरवी असा क्वार्टरबॅक मार्च-एप्रिलमध्ये विकतात, कारण तेव्हा समोरच्याच्या हातात यंदाच्या ताज्या पाळ्या असतात आणि आपली गरज भागेल की नाही, या धास्तीने तो जास्त मोजायला तयार असतो. २०११ मध्ये तसं करता आलं नाही. ज्यांना क्वार्टरबॅक हवा होता त्यांनी ड्राफ्टमध्येच हात धुऊन घेतले. कॅरोलिनाने पहिल्याच पाळीला कॅम न्यूटन घेतला, टेनेसीने जेक लॉकर, जॅक्सनव्हिलने ब्लेन गॅबर्ट, मिनेसोटाने ख्रिश्चन पाँडर, आणि दुसऱ्या फेरीत सिनसिनाटीने अँडी डाल्टन तर सॅन फ्रान्सिस्कोने कॉलिन केपरनिक. बघता बघता ईगल्सची गिऱ्हाइकं घटली. अ‍ॅरिझोनाने पाचव्या पाळीला क्वार्टरबॅक न घेता पॅट्रिक पीटरसन हा कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला रोखणारा खेळाडू, घेतला, आणि त्यामुळे त्यांच्याकडे असलेला दुसरा चांगला कॉर्नरबॅक, डॉमिनिक रॉजर्स-क्रोमार्टी, सोडता येण्याजोगा झाला. जुलैत सौदा ठरला तो याच मांडणीवर. रॉजर्स-क्रोमार्टी आणि २०१२ ची दुसऱ्या फेरीतली पाळी फिलाडेल्फियाला, कोल्ब अ‍ॅरिझोनाला. यंदाची पहिल्या फेरीतली पाळी मिळण्याची आशा टाळेबंदीबरोबरच मावळली होती.

ड्राफ्ट संपला तेव्हा २५४ नावं पुकारली गेली होती. ज्यांची नावं आली नाहीत, त्यांच्याविषयी मला सर्वांत जास्त वाटतं. एरवी शेवटचं नाव पुकारलं की पुढच्या काही तासांत अशा शेकडो मुलांचे फोन वाजू लागतात. कुठल्या संघात जायचं, हे ठरवण्याची संधी या मुलांच्या आयुष्यात कदाचित तेवढीच असते. २०११ मध्ये फोन वाजलेच नाहीत. मे गेला, जून गेला, जुलै संपत आला. पगार नाही, संघ नाही, सराव कुठे करायचा याचा पत्ता नाही, आणि सराव सोडला तर जी काही शक्यता आहे तीही जाणार. ज्यांचं नाव ट्रेडच्या चर्चेत येतं ते कोट्यधीश खेळाडू टाळेबंदी पचवू शकतात. या धंद्यातली सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्या आतबाहेर असल्याचं खेळाडूंची संघटना सांगते. एवढ्याशा आयुष्यातले तीन महिने ही लहान गोष्ट नाही. त्याच मुलांपैकी डग बाल्डविन जुलैअखेर सिएटलला गेला आणि त्याच हंगामात त्या संघाचा सर्वांत जास्त यार्ड मिळवणारा रिसीव्हर ठरला. ख्रिस हॅरिस डेन्व्हरला गेला आणि पुढे नावाजलेला कॉर्नरबॅक झाला. जे त्या तीन महिन्यांत कंटाळून घरी गेले, त्यांची नावं कुठे छापून आलेली नाहीत.

२१ जुलैला मालकांनी आणि २५ जुलैला खेळाडूंनी दहा वर्षांच्या नव्या कराराला मान्यता दिली. त्या वर्षी ७ ऑगस्टला कँटनमध्ये व्हायचा हॉल ऑफ फेमचा सराव सामना तेवढा रद्द झाला. मग जे घडलं ते दिवाळीच्या आदल्या संध्याकाळच्या बाजारासारखं होतं. चार-साडेचार महिन्यांत हळूहळू होणारे व्यवहार चार-पाच दिवसांत उरकले गेले. न्यू ऑर्लिन्सने रेजी बुश मायामीला दिला. न्यू इंग्लंडने पाचव्या-सहाव्या फेरीतल्या पाळ्या देऊन अल्बर्ट हेन्सवर्थ आणि चॅड ओचोसिंको हे दोन गाजलेले खेळाडू उचलले. वॉशिंग्टनने डोनोवन मॅकनॅब मिनेसोटाला दिला. २०१० च्या एप्रिलमध्ये याच मॅकनॅबसाठी वॉशिंग्टनने फिलाडेल्फियाला दुसऱ्या फेरीतली पाळी आणि वर आणखी एक दिली होती. आता त्याच्या बदल्यात सहाव्या फेरीतल्या पाळ्यांवर त्यांनी समाधान मानलं. तो वाईट खेळला होता आणि वयही झालं होतं, तेव्हा सगळं खापर टाळेबंदीवर फोडणं बरोबर नाही. पण ड्राफ्टआधी ज्या मिनेसोटाला क्वार्टरबॅकची निकड होती, तिच्याकडे जुलैत पाँडर आलेला होता. हातात नवा मुलगा असलेला संघ जास्त कशाला मोजेल?

घाईच्या खरेदीची किंमत मोजावी लागते, तशी इथेही मोजावी लागली. नव्या संघात आलेल्या खेळाडूला एरवी वसंतात डावपेच शिकायला अनेक आठवडे मिळतात. क्वार्टरबॅकला आणि रिसीव्हरला त्यांची फार गरज असते, कारण एकाने मान वळवण्याआधी दुसऱ्याने वळलेलं असावं लागतं. २०११ मध्ये ते आठवडेच नव्हते. हेन्सवर्थला न्यू इंग्लंडने नोव्हेंबरात काढून टाकलं. सिनसिनाटीत वर्षानुवर्षं चेंडूंचा पाऊस झेललेल्या ओचोसिंकोच्या हाती पूर्ण हंगामात १५ चेंडू आले. अ‍ॅरिझोनाने कोल्बला सुमारे ६.३ कोटी डॉलरचा पाच वर्षांचा करार दिला. त्याला दुखापतींनी गाठलं, दोन वर्षांत चौदा सामन्यांत सुरुवात करून २०१३ मध्ये तो मोकळा झाला. मन लावून तपासायला, बोलायला, एकत्र सराव करून बघायला वेळ मिळाला असता तर यातले किती सौदे झाले असते, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

उलट उदाहरणही आहे. सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक कार्सन पामर याने २०११ च्या सुरुवातीलाच सांगितलं की मला दुसरीकडे द्या, नाहीतर मी निवृत्त होतो. मालक माइक ब्राउन हलले नाहीत. टाळेबंदी आली, गेली, पामर घरीच. डाल्टन हाती आल्याने सिनसिनाटीला घाई उरली नाही. मग १६ ऑक्टोबरला ओकलंडच्या जेसन कँपबेलचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि दोनच दिवसांनी, ट्रेडच्या शेवटच्या तारखेला, ओकलंडने पामरसाठी २०१२ ची पहिल्या फेरीतली आणि २०१३ ची दुसऱ्या फेरीतली पाळी मोजली. त्या रविवारी कॅन्सस सिटीविरुद्ध तो उत्तरार्धात मैदानात उतरला आणि त्याचे तीन चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. ज्याच्याकडे दुसरी सोय असते त्याला थांबणं परवडतं, हे बाजाराचं जुनं गणित टाळेबंदीनंतरही खरं राहिलं.

टाळेबंदीचा सर्वांत खोल परिणाम त्या उन्हाळ्यातल्या सौद्यांवर झाला नाही. तो करारातल्या एका तरतुदीतून आला. ड्राफ्टमधल्या नव्या मुलांचे पगार त्या कराराने बांधून टाकले. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता, त्यातले ५ कोटी हमीचे. २०११ मध्ये त्याच क्रमांकाच्या न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २.२ कोटी. पूर्वी वरची पाळी म्हणजे हत्ती दारात बांधण्यासारखं होतं. मुलगा फसला तर संघाची कॅप वर्षानुवर्षं गुंतून पडे, म्हणून अनेक संघ वरच्या पाळ्या खाली सरकवायला बघत आणि घ्यायला कोणी पुढे येत नसे. पगार स्वस्त झाल्याबरोबर वरच्या पाळीचं मोल वाढलं. २०१२ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनने सहाव्या क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकावर जाऊन रॉबर्ट ग्रिफिन घेण्यासाठी सेंट लुईसला पहिल्या फेरीतल्या तीन आणि दुसऱ्या फेरीतली एक पाळी दिली. जुन्या पगारांत हा धोका पत्करायला कोणी सहज तयार झालं नसतं. यात खेळाडूंच्या संघटनेने जुन्याजाणत्यांना पैसा मिळावा म्हणून नव्या मुलांचा वाटा सोडला, हेही खरं. ज्यांनी अजून संघटनेत पाऊलच टाकलेलं नव्हतं, त्यांच्या वतीने हा सौदा झाला. मला तो पुरता न्याय्य वाटत नाही.

पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, पंचांचीही टाळेबंदी झाली. तिने सामन्यांत गोंधळ घातला, पण ट्रेडला धक्का लागला नाही, कारण खेळाडूंचा करार जागेवर होता.

दहा वर्षांचा तो करार संपायच्या आतच नवा आला. २०२० च्या मार्चमध्ये खेळाडूंनी त्यावर मतदान केलं. बाजूने १,०१९ आणि विरोधात ९५९, म्हणजे अवघ्या साठ मतांनी तो मंजूर झाला. त्याची मुदत २०३० च्या हंगामापर्यंत आहे. निकाल १५ मार्चला जाहीर झाला. १६ मार्चला बातमी आली की ह्यूस्टनने डीअँड्रे हॉपकिन्स हा आपला सर्वांत मोठा रिसीव्हर अ‍ॅरिझोनाला द्यायचं ठरवलं आहे, बदल्यात डेव्हिड जॉन्सन आणि ड्राफ्टमधल्या पाळ्या. दोन दिवसांनी, १८ मार्चला, लीगचं नवं व्यवहारवर्ष ठरल्या वेळी सुरू झालं.